काजळवाले डायनासोर

जालना,
१२ नोव्हेंबर २००३

प्रिय शकीला,

पाकिटावर जालन्याचा शिक्का बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते, इथे कुणाला काही झालेलं नाही. तुझा पत्ता तुझ्या नणंदेनं दिला. रोजे सुरू व्हायच्या आधी ती तिच्या थोरल्या भावाकडे आल्ती, बाजारात भेटली. मी तिला भाजीच्या गर्दीत थांबवून तळहातावर पेनाने पत्ता लिहून घेतला. पाच वर्षांत आपण एकमेकींना एक ओळ लिहिली नाही. भांडण नव्हतं. तू निघताना जे बोललीस त्यानंतर कुठून सुरुवात करावी ते मला कळत नव्हतं, आणि तुला सुरुवात करायचीच नव्हती.

सकाळपासून लिहायला बसते आणि उठते. एकदा दूध उतू गेलं. एकदा उगाच बाहेर जाऊन दोरीवरचे कपडे चाचपून आले, ते वाळलेले नाहीत हे माहीत असून. आता दाराला कडी लावून बसले आहे. अक्षर वेडंवाकडं झालं तर समजून घे. तू सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलीस याचा आज मला फार आधार वाटतो, कारण हे पत्र गयासभाईंकडून वाचून घ्यायचं नाही. तुझं तूच वाच.

इकडची खबर अशी. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. शेवटपर्यंत विचारायच्या, शकीलाचा शीरखुर्मा यंदा का आला न्हाई. यांची ड्युटी आता जालना-बीड गाडीवर असते. केस पिकले, पण तिकिटाची पेटी काखेला लावली की अजून ताठ चालतात. तुम्ही राहायचात त्या खोल्यांत आता शिवणकामवाले आहेत, दिवसभर मशीन चालू असतं. आणि माझ्या टीव्हीच्या शोकेसमध्ये कपबश्या काढून डायनासोर मांडले आहेत. हसू नकोस. त्यांच्यामुळेच हे पत्र लिहून राह्यले.

पोती यायची ते आठवतं ना. बिस्किटाच्या पुड्यात एक प्राणी फुकट, अशी ती योजना होती. गावाबाहेरच्या शेडमध्ये मशीनवर ते डायनासोर पडायचे, आणि साहेबराव सुपरवायझर स्कूटरवर आडवं पोतं टाकून आपल्या गल्लीत घेऊन यायचे. डोळे आणि पाठीवरचे पट्टे आपल्याकडे. त्यांची खरी नावं पुड्यावर छापलेली असायची, पण ती म्हणताना जीभ वळायची, म्हणून आपण आपलीच ठेवली. लांब मानेचा लंबू. पाठीवर दाते असलेला करवत्या. मोठ्या तोंडाचा जबड्या. आणि पंखांचा तो पाखरू, जो थोडेच दिवस आला, कारण त्याचे पंख पुड्यात मोडायचे. दुपारी पुरुषमाणसं कामावर गेली की तुमच्या ओट्यावर पेपर पसरायचा, रंगाच्या डब्या उघडायच्या. त्या टर्पेंटाईनच्या वासानं माझं डोकं दुखायचं, तरी ती दुपार मला हवीहवीशी वाटायची. अगरबत्तीच्या काडीनं पांढरा ठिपका, तो वाळला की बाभळीच्या काट्यानं काळा.

मी ठिपका बरोबर मधोमध द्यायचे. माझे डायनासोर दचकल्यासारखे दिसतात. तू थोडा पुढच्या बाजूला द्यायचीस, त्यामुळे तुझे कुठंतरी निघाल्यासारखे वाटतात. आणि तिसरीचे तर कुणीही ओळखावेत. ती डोळ्याच्या कोपऱ्यातून एक बारीक रेघ मागे ओढायची, काजळासारखी. साहेबरावांनी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा एक करवत्या उचलून उन्हात धरला आणि विचारलं, डायनासोराला काजळ कुठं असतं? ती काडी खाली न ठेवता म्हणाली, "तुम्ही पाह्यलाय का?" साहेबरावांनी करवत्या परत पोत्यात टाकला. पोतं बांधून घेऊन गेले. कंपनीकडून तक्रार आली नाही, मग रेघ चालू राहिली.

तिचं नाव मी अजून लिहिलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. तू ट्रकमध्ये सामान चढवताना मला म्हणाली होतीस, "नंदा, मला बहीण न्हाई. माझ्यासमोर तिचं नाव काढायचं न्हाई." तुझी आई गेली तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती. तू तिला वेणी घातलीस, शाळेत घातलंस, स्वतः लग्न होऊन इथे आलीस तेव्हाही बरोबर आणलंस. गयासभाईंनी तिला मुलीसारखी मानली. त्यांनीच अठ्ठ्याण्णव साली तिचं लग्न औरंगाबादला ठरवलं, घर चांगलं होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या. आणि आठवड्यावर लग्न आलं असताना ती सकाळी पाण्याला म्हणून गेली ती आलीच नाही. ट्रकवर नावं आणि फुलं रंगवणाऱ्या एका पोराबरोबर गेली, एवढंच कळलं. लोक तुमच्या दारावरून जाताना मुद्दाम हळू चालायचे. गयासभाई नमाजाला दुसऱ्या मोहल्ल्यात जायला लागले. दोन महिन्यांत तुम्ही निजामाबादला निघून गेलात. तुझं चुकलं असं मी तेव्हा म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. पण शकीला, मी या पत्रात आता तिचं नाव घेणार आहे. घेतल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

मुन्नी गेली त्याच्या आधीच्या दिवाळीला ती योजना बंद पडली होती. पुड्यात प्राण्याऐवजी चिकटवायची चित्रं यायला लागली. काम तेव्हाच थांबलं होतं, तू गेल्यावर ओटाही बंद झाला. माझ्या हातांना काही सुचेना. भाकरी थापताना बोटं काडी धरल्यासारखी व्हायची. आणि मग एक दिवस लक्षात आलं, आपण एवढी पोती रंगवली, पण घरात एकसुद्धा नाही. साहेबराव मोजून द्यायचे, मोजून घ्यायचे. म्हटलं, प्रत्येक जातीचा एक तरी आपल्याकडे असावा. एवढंच होतं सुरुवातीला.

पहिला मला जाफराबादला चुलतबहिणीकडे मिळाला. तिच्या पोरानं लंबूच्या मानेला सुतळी बांधून त्याला बैल केला होता. दचकलेले डोळे बघितले आणि मी माझं काम ओळखलं. पोराला नवी बॅट घेऊन दिली आणि लंबू पिशवीत टाकला. मग ते वेडच लागलं. कुणाच्या घरी गेले की माझी नजर आधी कोनाड्यात, खिडकीत, पोरांच्या खेळण्यांत. हे गाडीत पोरांना विचारायचे, तुमच्याकडं डायनासोर हाये का रे. डेपोतले लोक यांना चिडवायचे. घनसावंगीला महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला गेले, तर आरासीत मातीच्या गायी, प्लॅस्टिकची फळं, आणि त्यांच्या मधोमध लक्ष्मीकडे तोंड करून तुझा जबड्या. पुढच्या बाजूला ठिपका. मी कुंकू लावून घ्यायचं विसरून त्याच्याकडेच बघत राहिले. त्या घरच्या सगुणाबाई म्हणाल्या, दरसाल मांडतो, तो आता घरातलाच झाला. मी मागितला नाही. तुझा दुसरा जबड्या नंतर एका गुऱ्हाळावर मिळाला, शेपूट तुटलेला.

लोकांना वाटायचं बाईला डोक्याचं काही झालं. यांनाही एकदा वाटलं. मला म्हणाले, हे बंद झालेलं सामान हाये, जगात आता नवं निघणार न्हाई, तू कुठवर हुडकणार. खरं सांगायचं तर जाती कधीच पूर्ण झाल्या होत्या, पाखरू सोडून. तरी मी थांबत नव्हते. कुठला डायनासोर कुठल्या गावात, कुणाच्या घरात आहे, कुणाच्या हातचा आहे, सगळं माझ्या डोक्यात पक्कं असायचं. झोपायच्या आधी मी एकेक गाव घ्यायचे आणि त्यातले मोजायचे. माझे सापडायचे, तुझे सापडायचे. काजळाचा एकही सापडला नव्हता. पाच वर्षांत एकही नाही. म्हणजे तेच मी शोधत होते, हे मला फार उशिरा कळलं.

या भादव्यात, महालक्ष्म्या बसल्या त्याच दिवशी, हे ड्युटीवरून आले आणि चपला काढायच्या आधी म्हणाले, वडीगोद्रीला गाडी थांबली होती, शेजारी मालाचा ट्रक होता, त्याच्या काचेमागे पाखरू चिकटवलेला आहे. डोळ्याला काजळ आहे. मी म्हटलं, नीट पाह्यलं का. म्हणाले, बिलकुल नीट. पण रंग निराळा हाये, लाल चोच, पोपटी पंख.

शकीला, आपल्याला कधी लाल मिळाला होता का? काळा, पांढरा, पट्ट्यांना पिवळा. दुसरी डबीच नव्हती. मी यांना दहादा तेच विचारलं. त्या रात्री मला झोप नाही, दुसऱ्या दिवशी जेवण नाही. लाल रंग कुणीतरी नंतर दिला असेल, एखाद्या पोरानं. पण मग काजळाची रेघ?

यांनी दोन आठवडे त्या ट्रकवर नजर ठेवली. शेवटी ड्रायव्हर चहाच्या टपरीवर सापडला, कडूबा नावाचा. त्यानं सांगितलं, शहागडला पुलाच्या अलीकडे ट्रक रंगवणारा एक पेंटर आहे, त्याच्याकडे गाडी रंगवली की त्याची बायको असा एक डायनासोर रंगवून आत लावून देते. वर काही मागत नाही. गाडीचा डोळा आहे म्हणते, रस्ता बघत राहील.

मी दुसऱ्या दिवशी यांच्याच गाडीत बसले. अंबड गेलं, वडीगोद्री गेलं, आणि मला वाटायला लागलं की शहागड येऊच नये. काय बोलणार होते मी? ओळखलं नाही तर? ओळखूनही दार लावून घेतलं तर? हे तिकिटं फाडता फाडता माझ्याकडे बघत होते. उतरताना एवढंच म्हणाले, परतीच्या वेळी मी ड्रायव्हरला हॉर्न द्यायला लावीन, नसलं यायचं तर हात कर.

हायवेच्या कडेला पत्र्याचं शेड. बाहेर अर्धा रंगवलेला ट्रक, त्याच्या मागच्या फाळक्यावर गुलाबाची फुलं. एक सडपातळ माणूस शिडीवर होता, तोच तो पोरगा, बदरोद्दीन. आणि आत, पेपर पसरून, तीच मान वाकडी करून बसायची सवय. मी दारात उभी राहिले, माझी सावली तिच्या पेपरवर पडली. तिनं वर न बघता सांगितलं, जरा बाजूला व्हा, उजेड येऊ द्या. मग माझ्या पायातली जोडवी बघितली की काय, तिच्या हातातली काडी थांबली. वर बघितलं. शकीला, ती रडली नाही. मीच रडले. तिनं उठून मला पाणी दिलं, आणि मी पेला तोंडाला लावला तोवर तिचा पहिला प्रश्न आला.

"भाभी, आपाचे गुडघे अजून दुखून राह्यलेत का?"

मला तुझ्या गुडघ्यांचं काहीच माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. तिला वाटत होतं तू अजून जालन्यातच आहेस. तुम्ही गाव सोडलंत हे तिला माहीतच नव्हतं, आणि का सोडलंत ते सांगताना मी शब्द शोधत राहिले. ती ऐकत होती आणि एका कापडाला बोटं पुसत होती. बोटं कधीच स्वच्छ झाली होती, तरी पुसत होती.

तिच्याकडे कोऱ्या डायनासोरांचं पोतं आहे. आपली शेड बंद झाल्यावर उरलेला माल भंगारात गेला, भंगारवाला तो बीडकडे घेऊन जाताना शहागडला थांबला होता. तिनं पोत्याच्या भोकातून बाहेर आलेली लंबूची मान बघितली आणि नवऱ्याला म्हणाली, मला दुसरं काही नको, हे घेऊन द्या. पोत्यात खाली पाखरूच पाखरू निघाले. मी तिला विचारलं, ट्रकवाल्यांना का देतेस गं? तिनं पोत्यातून एक पाखरू उचलला. मग म्हणाली, "ट्रक सगळीकडं जातात, भाभी. जालन्यात बी जात असतील. आपाला एखादा दिसंल, मंग तिला कळंल मी जिवंत हाये."

परतीच्या गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा मी यांना हात केला. रात्री मी तिथेच राहिले. बदरोद्दीननं स्वतः वरण-भात केला आणि बाहेर खाटेवर झोपला. माणूस कमी बोलतो. सकाळी मला एकटीला गाठून म्हणाला, त्या वेळी आपाकडं येऊन रीतसर मागणी घालायची हिंमत आपल्याला झाली नाही, म्हणून हे असं झालं. तो माफी मागत नव्हता, जे होतं ते सांगत होता. मी ते तुला जसंच्या तसं कळवते आहे.

अजून एक गोष्ट बदरोद्दीननंच सांगितली, तिनं नाही. तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात झालं आणि राहिलं नाही. शेडमागच्या खोलीत, जवळ कुणी बाईमाणूस नव्हतं. हायवेवरून गाड्या जात होत्या आणि ती आपा, आपा म्हणत होती, एवढं तो म्हणाला आणि शिडीवर चढला. आणि आता तिला पुन्हा दिवस गेले आहेत. मी गेले तेव्हा सातवा चालू होता. मी तिच्या पोटाकडे बघून मनात हिशेब केला, हाच तो महिना.

जालन्याला येऊन मी स्वस्थ बसू शकले नाही. सासूबाईंची खोली झाडली, पुन्हा झाडली. यांना म्हटलं तर म्हणाले, लोक बोलतील, आणि लगेच स्वतःच म्हणाले, बोलू दे. दर दोन-चार दिवसांनी शहागडला जाऊ लागले. बाळंतपणाला आमच्याकडे चल म्हटलं की ती प्रत्येक वेळी नाही म्हणायची. तिच्यामुळे माझ्या डोक्याला ताप नको, म्हणायची. तुला लिहू का विचारलं, तर तिनं माझा हात धरला आणि मान हलवली. नको. तुझं गाव, तुझी इज्जत तिनं हिरावून घेतली, आता तुझ्याकडून काही मागायचा हक्क तिला नाही, असं तिचं म्हणणं. मी वाद घातला नाही.

आता खरं ते सांगते. मागच्या आठवड्यात तिचे पाय सुजले, डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. बदरोद्दीननं एका ट्रकच्या केबिनमध्ये गादी टाकून तिला जालन्याला आणलं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब चढला आहे, उठायचं नाही, दवाखान्याजवळच राहायचं, कधीही कळा सुरू होतील. ती इथे आहे, शकीला. या क्षणी सासूबाईंच्या खोलीत कुशीवर झोपली आहे, आणि मी कुणाला लिहिते आहे ते तिला माहीत नाही. मी तिचं सगळं करीन, त्याची काळजी करू नकोस. पण काल दुपारी तिचा जरा डोळा लागला होता आणि मी अंगावर पांघरूण टाकत होते, तर ती झोपेतच म्हणाली, आपा, तू आलीस? मी "हो" म्हणू शकले नाही. बायका बाळंतपणाला माहेरी जातात, आणि तिचं माहेर म्हणजे तू, दुसरं कुणी नाही. तू तिला माफ कर असं मी लिहिणार नाही. ते तुमचं दोघींचं, ते मागाहून, किंवा कधीच नाही. पण ईद होईपर्यंत थांबू नकोस. गयासभाईंना काय सांगायचं ते तू ठरव. निजामाबादहून थेट गाडी आहे, पहाटे जालन्याला लागते. हे पत्र पोचेल त्या बेतानं परवापासून मी रोज त्या गाडीला स्टेशनवर येत जाईन. तू नाही उतरलीस तरी येईन. आता आतून हाक आली, पाणी मागते आहे बहुतेक. उठते.

तुझीच,
नंदा